‘अ’ तुकडी, पुस्तक तेच

त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा एकाच बिंदूतून जातात आणि तो बिंदू प्रत्येक मध्यगेचे २ : १ या प्रमाणात भाग करतो. आठवीच्या गणिताच्या पुस्तकात हे कृतीतून शिकवले आहे. त्रिकोण काढायचा, मध्यगा काढायच्या, पट्टीने भाग मोजायचे आणि गुणोत्तर पाहायचे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका रविवारी, अंबरनाथमधल्या एका गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, “काका, माझं एक दशांश नऊ आलं. पट्टी चुकली की पुस्तक?” मी म्हटले, पट्टी. तिने दुसरा त्रिकोण काढला, मग तिसरा, मुद्दाम अगदी चपटा. थोड्या वेळाने म्हणाली, “पण दर वेळी दोनास एकच का येतं?”

हा प्रश्न तिने आधी शिकवणीतही विचारला होता. तिथे मिळालेले उत्तर तिने मला जसेच्या तसे सांगितले : “हे स्कॉलरशिपला विचारत नाहीत.”

हा लेख त्या उत्तराचा आहे. उत्तर देणाऱ्यावर माझा राग नाही. त्याने खरे तेच सांगितले. पण सहावी ते आठवीतल्या गणितात पुढे असलेल्या मुलांसाठी आपण नेमके काय उभे केले आहे, याचा शोध त्या उत्तरापासून सुरू झाला. मी गणिताचा शिक्षक नाही. आयटीआय करून अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर आयुष्य काढलेला माणूस आहे. गणित शिकलो ते उल्हासनगरच्या रद्दीच्या दुकानांतून किलोवर आणलेल्या पुस्तकांतून. तिथेच वेगवेगळ्या वर्षांची पाठ्यपुस्तके आणि शिष्यवृत्तीची गाईडे जमत गेली. ती शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि रविवारी येणाऱ्या मुलांशी ताडून पाहिली. एवढीच माझी अभ्यासपद्धती.

तुकडी नावाची गोष्ट

परदेशात ज्याला मुलांचे गणितातले ‘ट्रॅक’ म्हणतात, त्याला आपल्याकडे जुना आणि घरोघरी माहीत असलेला शब्द आहे : तुकडी. ‘अ’ तुकडी हुशारांची, ‘ब’ बरी, आणि त्यापुढे जे उरले ते. आपल्या वर्णमालेतले ‘ढ’ हे अक्षर तर माणसाला चिकटवण्यासाठीच असावे, इतक्या सहज आपण ते वापरतो.

मी सातवीत असताना काविळीमुळे सहामाही परीक्षा बुडाली. बरा होऊन परतलो तेव्हा माझे नाव ‘अ’च्या हजेरीपटातून ‘ड’च्या हजेरीपटात गेले होते. शाळेचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण त्या काळी हे सगळीकडेच चाले. ‘ड’मध्ये बीजगणिताचा धडा अर्धा सोडून दिला गेला, “तुम्हाला कशाला” म्हणून. शिष्यवृत्तीचे अर्ज ‘अ’ आणि ‘ब’ पुरतेच भरले गेले. परीक्षेला बसलोच नाही, त्यामुळे नापास झालो असे मला म्हणता येत नाही. पुढे लेथवर चाकांचे गुणोत्तर बसवताना बीजगणित शिकावेच लागले, पण तेव्हा वय तेवीस होते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेश देताना मुलांची चाळणी लावायला मनाई केली. प्रवेशानंतर शाळेच्या आत कोण कुठल्या वर्गात बसेल, याबद्दल ते कलम बोलत नाही. आमच्या तीन गावांत तुकडीने आता नवे कपडे घातले आहेत. मराठी शाळेत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारा ‘सेमी’चा वर्ग असतो आणि पूर्ण मराठीचा वर्ग असतो. कागदावर हा भाषेचा पर्याय आहे. प्रत्यक्षात ‘सेमी’ म्हणजे हुशार, अशी समजूत पालक, शिक्षक आणि मुले या तिघांनीही मान्य केलेली दिसते. उल्हासनगर तर फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिलेले शहर. कॅम्प एक ते पाच या नावांनी आजही ओळखले जाणारे. सिंधी, हिंदी, मराठी अशा माध्यमांची सवय असलेल्या गावात माध्यमावरून हुशारी ठरावी, हे विचित्र आहे. माझ्याकडे येणारी ती मुलगी कॅम्प चारची, पूर्ण मराठीच्या वर्गातली. ‘मध्यगा’ म्हणजे मध्याकडे जाणारी, हे तिला शब्दानेच सांगितले होते. बदलापूरच्या ‘सेमी’तल्या मुलाला ‘मीडियन’ पाठ होते. ते कुठून कुठे जाते, हे त्याला आकृती पाहून आठवावे लागे.

तुकडीवरची नेहमीची टीका अशी की ती मागच्या मुलांवर अन्याय करते. ती खरी आहे, मी तिचा साक्षीदार आहे. पण रविवारच्या खोलीत मला त्याची दुसरी बाजू दिसली. ‘अ’ तुकडीतल्या मुलांच्या वह्या आणि ‘क’मधल्या मुलांच्या वह्या शेजारी ठेवल्या तर फरक एवढाच, की ‘अ’चा धडा तीन आठवडे आधी संपलेला असतो. पुस्तक तेच, उदाहरणे तीच, प्रश्न तेच. वाचलेल्या तीन आठवड्यांत गाईड. म्हणजे पुढच्या मुलांना वेगळे काढून आपण त्यांना वेगळे असे काहीच देत नाही. मागच्यांचे जे गेले, ते पुढच्यांना मिळालेले नाही.

पुस्तक काय म्हणते

आता पुस्तकाकडे. बालभारतीचे सध्याचे आठवीचे गणित २०१८ चे आहे. ते वाईट पुस्तक नाही, हे आधी सांगितले पाहिजे. परिमेय-अपरिमेय संख्या, घातांक आणि घनमूळ, विस्तारसूत्रे, अवयव, चलन, चौकोनरचना, बहुपदींचा भागाकार, त्रिकोणांची एकरूपता, चक्रवाढ व्याज, वर्तुळाची जीवा आणि कंस : आठवीसाठी हा ऐवज भरगच्च आहे. माझ्या संग्रहातल्या जुन्या पुस्तकांशी तुलना केली तर आजचे पुस्तक मुलाशी अधिक आपुलकीने बोलते. ‘जरा आठवूया’, ‘जाणून घेऊया’ असे म्हणत हात धरून नेते.

माझी तक्रार हात कुठे सोडला जातो, याबद्दल आहे. २ : १ मोजून दाखवले की धडा पुढच्या उदाहरणाकडे वळतो : मध्यगेचा एक भाग दिला आहे, दुसरा काढा. मोजून दिसलेली गोष्ट सगळ्या त्रिकोणांसाठी खरी का, हा प्रश्न तिथे उभा राहत नाही. कोणी म्हणेल, सिद्धता नववीपासून असतात. ठीक आहे. पण या ‘का’चे उत्तर देण्यासाठी आठवीच्या मुलाला लागते काय? पाया सारखा आणि उंची सारखी असेल तर क्षेत्रफळ सारखे, एवढेच. ते त्याला येते.

त्रिकोण घ्या, वरचे टोक क. पायाच्या मध्यावर म. मध्यगा जिथे मिळतात तो बिंदू ग. मध्यगा क-म त्रिकोणाचे दोन समान भाग करते. ग पासून पायाच्या दोन टोकांपर्यंत रेषा काढल्या, की खाली पायावर दोन छोटे सारखे त्रिकोण मिळतात. एकेकाचे क्षेत्रफळ एक मानू. अर्ध्यातून सारखे वजा केल्यावर वरचे डावे-उजवे त्रिकोणही सारखे उरतात. हेच दुसऱ्या मध्यगेने केले, की ग भोवतीचे तिन्ही मोठे त्रिकोण सारखे ठरतात. खालचा मोठा त्रिकोण दोनाचा, म्हणून उजवाही दोनाचा. आता उजव्या अर्ध्या भागात वरचा त्रिकोण दोनाचा आणि खालचा एकाचा. दोघांची उंची एकच, तेव्हा पाये दोनास एक. क-ग हे ग-म च्या दुप्पट. संपले.

ती मुलगी तीन रविवारांत इथपर्यंत आली. मी फक्त एकदा म्हटले होते, “लांबी सोड, क्षेत्रफळ बघ.” पुस्तकात एवढीच एक ओळ, एक सूचना, एक रिकामी जागा असती तर? सगळ्यांसाठी सक्तीची नको. ज्याला पुढे जायचे आहे, त्याच्यासाठी दार. आपल्या पुस्तकाला भिंती आहेत, छप्पर आहे, खिडक्याही आहेत. वर जाणारा जिना नाही.

बहात्तर सेकंद

पुस्तकात जिना नाही म्हणून परीक्षेने तो बांधला असेल, असे वाटू शकते. महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून आहे. दीर्घकाळ ती चौथी-सातवीला होती, २०१६-१७ मध्ये ती पाचवी-आठवीला आणली गेली. पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते. दोन पेपर, प्रत्येकी दीडशे गुण. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न, ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. वाचणे, सोडवणे आणि गोल रंगवणे धरून. आठवीला काही प्रश्नांची दोन उत्तरे बरोबर असत आणि दोन्ही रंगवावी लागत. घोकंपट्टीला वेसण घालण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न आहे. तरीही ७२ सेकंद ते ७२ सेकंदच.

या परीक्षेने गावोगावच्या गरीब घरांतली मुले वर आणली, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. चाळण्या नेहमी पैशाच्या बाजूने झुकतात, ही कमी झुकली. २००८ मध्ये केंद्राची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची शिष्यवृत्ती आली : आठवीत परीक्षा, नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. तिच्यात १८० प्रश्नांपैकी शालेय गणिताचे २०. जीन्सच्या शिलाईवर नगामागे पैसे मिळवणाऱ्या उल्हासनगरच्या आईसाठी हे १२ हजार म्हणजे काय, ते मी जवळून पाहिले आहे.

पण परीक्षा निवड करते, शिकवत नाही. निवडीचे साधनच जेव्हा अभ्यासक्रम होऊन बसते, तेव्हा काय होते ते गाईडांत दिसते. माझ्याकडची गाईडे क्रमाने वाचली की एक बदल जाणवतो. जुन्या गाईडांत उदाहरण सोडवून दाखवण्याला जागा जास्त, नव्यांत ‘ट्रिक’ला. पर्याय उलटे घालून पाहा, शेवटचा अंक तपासा, आकृती मोठी दिसते ती निवडा. ही चतुराई वाईट नाही, लेथवरही असल्या युक्त्या लागतात. मात्र एखादा प्रश्न तीन रविवार डोक्यात ठेवण्याची ताकद ती मोजू शकत नाही, आणि जे मोजले जात नाही ते हळूहळू शिकवलेही जात नाही. त्या मुलीच्या शिकवणीत सराव परीक्षा झाली, तेव्हा तिचे वीसेक प्रश्न राहिले. तिला ‘स्कॉलरशिप बॅच’मधून काढून साध्या बॅचमध्ये टाकले. कारण सांगितले : वेग नाही.

इतरांनी काय केले

हा पेच फक्त आमचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक शाळांनी २०१४ पासून आठवीपर्यंत सर्वांना एकच गणित ठेवले आणि बीजगणित नववीत ढकलले, विषमता कमी व्हावी म्हणून. ज्यांना परवडत होते, त्यांनी बाहेर पैसे भरून बीजगणित शिकवले. अखेर मार्च २०२४ मध्ये मतदारांनीच आठवीत बीजगणित परत आणण्याच्या बाजूने कौल दिला. सिंगापूरने १९८४ पासून निवडक मुलांचे वेगळे वर्ग चालवले. २०२४ मध्ये त्यांनी ती मध्यवर्ती योजना बंद करून प्रत्येक शाळेतच सोय करायचे जाहीर केले. माध्यमिक शाळांतले सरसकट प्रवाहही तिथे गेले. आता एकच मूल गणितात वरच्या पातळीवर आणि भाषेत मधल्या पातळीवर असू शकते.

केनियातल्या १२१ प्राथमिक शाळांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिलीच्या मुलांचे गुणांनुसार वर्ग पाडले, तेव्हा वरच्या आणि खालच्या दोन्ही वर्गांना फायदा दिसला. संशोधकांनी दिलेले एक महत्त्वाचे कारण असे, की मुलांची पातळी जवळपास असल्याने शिक्षक त्या पातळीला धरून शिकवू शकले. उलट मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’च्या बालसखी उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना काही तास वेगळे शिकवले, ती मुले पुढे गेली. मूळ वर्गात राहिलेल्या पुढच्या मुलांना मात्र, वर्ग लहान होऊनही, विशेष लाभ दिसला नाही. त्यांचे शिकवणे बदललेलेच नव्हते. दोन्ही अभ्यास लहान मुलांचे आहेत, ते जसेच्या तसे आठवीला लावणे बरोबर नाही. पण दोन्हींतून निघते ते एकच : गट पाडल्याने काही होत नाही, शिकवणे बदलल्याने होते.

आपल्याच राज्यात हे ओळखणारे लोक होते. अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापले. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र देशाच्या गणित ऑलिम्पियाडच्या मुलांना घडवते. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. फक्त बदलापूरहून मानखुर्द म्हणजे कुर्ल्याला गाडी बदलून जाणे, आणि तेवीस वर्षांच्या कामगारापेक्षा तेरा वर्षांच्या मुलीला ते अंतर जास्त आहे.

धोरणांच्या पातळीवर आपण दुसऱ्या टोकाला फिरत राहतो. नववी-दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी ‘सामान्य गणित’ काही वर्षे होते. २०१७-१८ पासून नवा अभ्यासक्रम येताना ते गेले. केंद्रीय मंडळाने २०२० च्या दहावीपासून गणिताच्या ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ अशा दोन परीक्षा केल्या. नव्या शैक्षणिक धोरणातही, गणितापासून सुरुवात करून, विषय दोन पातळ्यांवर देण्याची सूचना आहे. या दोन परीक्षांतही वर्गातला अभ्यासक्रम एकच आहे. पुन्हा तेच : पातळी उत्तरपत्रिकेत, शिकवण्यात नाही.

डोंबिवलीचे स्टेशन

मग करायचे काय? मला उत्तर रोजच्या लोकलच्या वाटेवर सापडले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर डहाणूत जन्मले, ठाण्यात शाळा शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. १, १२१, १२३२१ या घराण्यातल्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिले. डेम्लो म्हणजे जुन्या जीआयपी रेल्वेवरचे आपले डोंबिवली स्टेशन, जिथे त्यांना या संख्या सुचल्या. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ ची गंमत मांडली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, तीच कृती पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. सात पायऱ्यांच्या आत तिथे पोहोचतोच.

रविवारी मी हे सगळ्यांना एकत्र देतो. ज्याची वजाबाकी कच्ची, त्याची वजाबाकी पक्की होते. न कंटाळता वीस वजाबाक्या करणारा ‘क’ तुकडीतला मुलगा मी पाहिला आहे. दुसऱ्याला दिसते की उत्तराला नेहमी ९ ने भाग जातो. का, ते तो शोधतो. तिसरी तीन अंकी संख्या घेते, ४९५ ला अडकते आणि मधला अंक नेहमी ९ का, ते बीजगणिताने सोडवते. चौथा दोन अंकी घेतो आणि चक्रावतो, कारण तिथे थांबणेच नाही : ९, ८१, ६३, २७, ४५, परत ९. एक प्रश्न, एक खोली, आणि ज्याची त्याची उंची. कोणाला उठवून दुसऱ्या वर्गात बसवावे लागले नाही. एका आठवड्यात खाली असलेला दुसऱ्या आठवड्यात वर दिसला, असेही झाले.

म्हणून माझे मागणे साधे आहे. सहावी ते आठवीच्या प्रत्येक धड्याच्या शेवटी पुस्तकाने असा एक प्रश्न द्यावा, ज्याला गुण नाहीत आणि वेळेची मर्यादा नाही. शिक्षकाला आठवड्यातून एक तास त्यासाठी मिळावा. गट पाडायचेच असतील तर फक्त गणितापुरते, त्या तासापुरते आणि महिन्याला बदलणारे पाडावेत. सेमी आणि मराठी एकत्र बसवावेत. एका शिक्षकावर साठ मुले असताना हे अवघड आहे, मला कळते. पण ‘अ’ तुकडी चालवायलाही कष्ट लागतात, आणि ते आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो आहोत.

सिद्धता पूर्ण झाली त्या रविवारी तिची आई तिला न्यायला आली होती. मुलीने वही दाखवली. आईने ती नीट धरून, शेवटपर्यंत पाहिली आणि मला विचारले, “दादा, हे परीक्षेत येणार का?”

मी नाही म्हटले. तिने वही मिटून मुलीकडे दिली आणि म्हणाली, “मग परीक्षा होईपर्यंत हिला रविवारी नाही पाठवत.” तिचे चुकले असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. दोघी विठ्ठलवाडीच्या रिक्षात बसून गेल्या. मुलगी आता दहावीत आहे, अधूनमधून स्टेशनवर दिसते, हसते. प्रश्न विचारत नाही.